फेफऱ्याचे औषध घरी देताना

मुलाला फेफरे येते, औषध सुरू होते, झटके थांबतात. आणि काही महिन्यांनी आईवडिलांच्या मनात येते, ‘आता औषध कशाला?’ खरा धोका याच क्षणी असतो. झटके थांबले ते औषधामुळे. रोग गेला म्हणून नव्हे. औषध एकाएकी बंद केल्यास झटके एकामागून एक येऊन जिवावर बेतू शकते. साधारणतः 2 वर्षे झटका आला नाही, म्हणजे डॉक्टर मात्रा हळूहळू उतरविण्याचा विचार करतात.

मात्रा मुलाच्या वजनावरून ठरते. घरातले चमचे लहानमोठे असतात. म्हणून पातळ औषध खुणा असलेल्या, बिनसुईच्या पिचकारीनेच मोजावे. वेळ रोज तीच ठेवावी. एखादी मात्रा चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये, डॉक्टरांना विचारावे.

झटका आलाच, तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये. मुलाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. 5 मिनिटांत झटका थांबला नाही, तर तडक इस्पितळ गाठावे.

आणि बाटली संपण्यापूर्वीच दुसरी घरात आणून ठेवावी. औषधाला एका दिवसाचाही खंड पडता कामा नये.