वणव्याचा आराखडा कोणी करायचा?



हिवाळा सरू लागला की गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार या भागांतील जंगलांत वाळलेल्या पानांचा थर साचत जातो. साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिला पाऊस येईपर्यंत वणव्याची भीती असते. या काळात आपल्या आदिवासी बांधवांच्या पाड्यांवर काय घडते आणि वणवा रोखण्याच्या नियोजनात त्यांचे म्हणणे विचारात घेणे का आवश्यक आहे, हे या लेखात समजून घेऊ.

नुकसान कोणाचे?

आपल्याकडचा वणवा बहुधा जमिनीलगत सरकतो. मोठी झाडे त्यातून वाचतात, म्हणून दुरून पाहणाऱ्याला नुकसान थोडे वाटते. प्रत्यक्षात रोपे, बांबूचे कोंब, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि गुरांचा चारा जळून जातो. जमीन उघडी पडते आणि पहिल्याच पावसात वरची माती वाहून जाते. मोह, चारोळी, बांबू आणि तेंदूपत्ता यांवर ज्यांचे घर चालते, त्यांची पुढील वर्षांची मिळकत या आगीत जाते. वारा फिरला तर गवताच्या गंजी आणि घरेही धोक्यात येतात.

आग का लागते?

आपल्या जंगलांतील बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पहाटे गळतात. स्त्रिया आणि मुले उजाडण्यापूर्वीच ती वेचायला जातात. पाचोळ्यात फुले दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. त्यावर लक्ष राहिले नाही तर आग रानात पसरते. तेंदूला कोवळी पालवी चांगली फुटावी म्हणूनही काही ठिकाणी झुडपे जाळतात. याशिवाय विडीचे थोटूक, बांधावरचा पेटवलेला कचरा आणि वाटसरूंची चूल ही कारणे आहेतच.

‘आदिवासीच जंगल जाळतात’ असे म्हणणे सोपे आहे. पण ज्या बाईला दोन-तीन तासांत टोपली भरायची आहे, तिची अडचण कोणी विचारली का? नुसती बंदी घातली तर पाला जाळणे थांबत नाही, ते लपून होऊ लागते. लपून लावलेल्या आगीवर राखण करायला कोणी थांबत नाही.

विचारल्याने काय बदलते?

कोणती झाडे कोणत्या कुटुंबाकडे आहेत, फुले कधी गळू लागतात, वारा कोणत्या उतारावरून येतो, कोणत्या नाल्याला त्या दिवसांत पाणी असते, ही माहिती गावातच असते. ती पुढे आली की उपायही नेमके निघतात. पाला झाडून एका जागी गोळा करता येतो. झाडाखाली जाळी पसरता येते. तेंदूची झुडपे जाळण्याऐवजी छाटता येतात. वन विभागाची जाळरेषा कोठून जावी आणि कोणत्या आठवड्यात राखणीला कोणी जावे, हेही ठरते.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साहाय्याने आगीची सूचना मोबाईलवर पाठवते. ही मोठी सोय आहे. पण सूचना येते ती आग लागल्यानंतर, आणि आगीपर्यंत सर्वांत आधी पोहोचतात ती गावातलीच माणसे.

कायदा काय सांगतो?

2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. ग्रामसभा त्यासाठी समिती नेमू शकते आणि ही समिती व्यवस्थापनाचा आराखडा तयार करते. 2012 च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. मोहफुले वेचणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असल्याने वणव्याच्या चर्चेत ही अट फार मोलाची ठरते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वांच्या सहमतीने घेण्याची रीत आहे. त्यात वेळ जातो, पण सर्वांनी मिळून ठरवलेले पाळणे सर्वांना आपले वाटते.

खरे विचारणे कसे ओळखावे?

इंग्लंडमध्ये प्रत्येक अग्निशमन दलाला आपल्या भागातील धोक्यांचा आराखडा करताना लोकांचे मत घ्यावेच लागते. ते खरोखर घेतले की नुसता उपचार उरकला, हे ठरवण्यासाठी तेथील न्यायालये चार कसोट्या लावतात. त्या 1985 च्या एका निकालातून आल्या आहेत. निर्णय पक्का होण्यापूर्वी विचारले का? मत देण्यासाठी पुरेशी माहिती दिली का? विचार करायला वेळ दिला का? आणि आलेल्या मतांचा मनापासून विचार झाला का?

आपल्या पाड्यांवरही याच कसोट्या लावता येतील. बैठक मार्चमध्ये आग लागल्यावर नको, भातकापणी आटोपल्यावर हवी. ती पाड्यावर, लोकांना सवड असेल त्या वेळी आणि गोंडी, माडिया, कोरकू किंवा भिली अशा त्यांच्या बोलीत व्हावी. नकाशा जमिनीवर रांगोळीने काढला तरी चालेल, पण तो सर्वांना दिसला पाहिजे. आणि एखादी सूचना स्वीकारली नाही, तर का नाही, हे पुढच्या सभेत सांगितले पाहिजे. हे शेवटचे काम बहुतेक वेळा राहून जाते, आणि मग पुढच्या सभेला लोक येत नाहीत.

आपण काय करू शकतो?

वणवा रोखण्यासाठी जाळ्या, आग झोडपण्याची साधने किंवा राखणदारांची मजुरी यांकरिता आपल्याकडे मदत मागितली जाते, तेव्हा ती आनंदाने द्यावी. मात्र देताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: हे ग्रामसभेत ठरले का, आणि त्या सभेत मोहफुले वेचणाऱ्या स्त्रिया बोलल्या का? उत्तर ‘नाही’ असेल, तर मदत थांबवू नये. आधी ती सभा भरवण्यासाठी हातभार लावावा. तिला फारसा खर्च येत नाही, आणि त्यानंतर दिलेली प्रत्येक जाळी योग्य झाडाखाली पोहोचते.