सर्व्हरमधला दुसरा संगणक

सर्व्हर बटण दाबून बंद केला, तरी त्याच्यातला एक संगणक चालूच राहतो. मदरबोर्डवरच्या या चिपला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि बहुधा स्वतःचं नेटवर्क पोर्टही असतं. नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, बोलण्यात नुसतं बीएमसी. मुंबईकराला त्यावरून पालिकाच आठवणार, त्याला इलाज नाही! डेलच्या यंत्रात तीच आयड्रॅक म्हणून भेटते, एचपीच्या यंत्रात आयएलओ म्हणून. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये आयपीएमआय हे समान मानक आणलं, तेव्हापासून कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरची विचारपूस साधारण एकाच आज्ञावलीने करता येते.

पंख्यांचे फेरे, तापमान, व्होल्टेज यांवर बीएमसीची नजर असते आणि काही बिनसलं की ती नोंद करते. लिनक्स किंवा विंडोज कोसळली तरी ही नोंदवही शाबूत राहते. पण नोंद म्हणजे निदान नव्हे, आणि नवखा इंजिनिअर नेमका इथेच फसतो.

मेमरीचंच घ्या. सर्व्हरच्या ईसीसी मेमरीत दर ६४ बिटांमागे सहसा ८ बिट तपासणीसाठी जास्तीचे असतात. एक बिट उलटला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो. दोन उलटले तर चूक कळते, पण सुधारता येत नाही आणि यंत्र बहुधा थांबतं. यामागचं गणित बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलं. अशा चुकांचं खापर पूर्वी अवकाशातल्या किरणांवर फुटायचं. गूगलच्या यंत्रांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मात्र सांगतो, की बहुतांश दोष हार्डवेअरच्या कायमच्या बिघाडाचा असतो.

आता नोंद आली: ‘ए२ मध्ये दुरुस्त झालेली चूक’. नवखा लगेच नवी रॅम मागवतो. मुरलेला माणूस नोंदी पुसतो, दोन्ही पॉवर केबल काढतो, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधतो आणि ए२ व बी२ या खाचांमधल्या रॅमची अदलाबदल करतो. दुसरं काही हलवायचं नाही. चूक बी२ वर गेली, तर दोष रॅमचा. ए२ वरच राहिली, तर रॅम निर्दोष. मग संशय प्रोसेसरवर, कारण मेमरी कंट्रोलर हल्ली त्याच्याच पोटात असतो. दोन प्रोसेसर असतील, तर त्यांचीही अदलाबदल. (नुसती रॅम काढून पुन्हा बसवल्यावर चूक गायब झाली, तर खूश होऊ नये. कारण सापडलेलं नसतं.)

एवढं करूनही चूक ए२ वरून हटत नसेल, तर प्रोसेसर उचलून सॉकेटमध्ये टॉर्च मारायचा. एलजीए ३६४७ या सॉकेटमध्ये नावाप्रमाणेच ३६४७ पिना असतात, केसासारख्या बारीक. प्रकाश तिरका धरला, की एकसारख्या ओळींत एखादीच पिन वेगळी चमकते. घाईत प्रोसेसर बसवताना ती वाकलेली असते, आणि तेवढ्याने मेमरीचं एक अख्खं चॅनल बंद पडू शकतं. भिंगाखाली सुईने ती सरळ करणारे निष्णात हात आहेत. पण शेजारची पिन तुटली तर बोर्ड गेलाच, म्हणून मोठ्या डेटा सेंटरमध्ये त्या फंदात न पडता सरळ मदरबोर्ड बदलतात.