उन्हाळ्यात बारीची निगा : मे महिन्यात रोपे कशी जगवावीत?

छत्तीसगड सरकारने 2019 मध्ये ‘नरवा, गरुवा, घुरवा, बारी’ हा कार्यक्रम सुरू केला. या छत्तीसगढी शब्दांचे अर्थ अनुक्रमे ओढे-नाले, गुरेढोरे, खताचा उकिरडा आणि घराची परसबाग असे आहेत. हिंदी कागदपत्रांत ‘बाडी’ असे लिहिलेले दिसल्यास गोंधळू नये, बारी तीच.

पावसाळ्यात लावलेले रोप सहसा लागते. खरी परीक्षा पहिल्या मे महिन्यात होते. रायपुरात तेव्हा पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो आणि पाऊस यायला जूनचा मध्य उजाडतो. पाणी कमी असेल तर ते आधी फळझाडांना द्यावे. भेंडी, चवळी, लाल भाजी पुन्हा पेरता येते. आंब्याचे वर्ष वाया गेले की गेले.

पाणी कसे द्यावे?

पाणी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर द्यावे. रोज थोडे शिंपडल्याने फक्त वरची माती भिजते, म्हणून दोन-तीन दिवसांआड आळे भरून द्यावे. त्याहून बरा उपाय मडक्याचा. रंग न लावलेले मातीचे मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाणी भरून तोंड झाकावे. पाणी हळूहळू झिरपून मुळांपाशी पोहोचते. तांदूळ, भाज्या धुतलेले पाणी यात चालते. साबणाचे घालू नये.

आळ्यात धानाचे तणस (इकडे त्याला पैरा म्हणतात) चार बोटे जाड पसरावे. खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर वाळवी लागते. पश्चिमेच्या बाजूला जुनी साडी किंवा पोते बांधून दुपारचे ऊन अडवावे.

खत कधी घालावे?

आता नको. भर उन्हात युरिया घातल्यास रोप करपते आणि कच्च्या शेणाने वाळवी वाढते. घुरव्यातले चांगले कुजलेले खत पहिल्या चांगल्या पावसानंतर द्यावे. छाटणीही तोवर थांबवावी. पहिल्याच वर्षी कलमी आंब्याला कैऱ्या धरल्या असतील तर त्या काढून टाकाव्यात. घरच्यांना हे आवडत नाही, पण एवढ्याशा रोपाला ते ओझे पेलत नाही.

रोप वाळले असे वाटल्यास?

लगेच उपटू नये. खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर रोप जिवंत आहे. पाणी चालू ठेवावे. कलमाच्या जोडाखालून फूट आली असेल तर ती मूळ गावठी झाडाची असते. जोडाच्या वरचा भाग जिवंत असेल तर ही फूट काढून टाकावी. वरचा भाग पूर्ण मेला असेल तर ती जागा रिकामी धरावी आणि नव्या रोपासाठी खड्डा आताच खणून उन्हात तापू द्यावा.

रोग-किडीबाबत शंका असल्यास किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या मोफत क्रमांकावर सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत विचारता येते.