फोनचं एनएफसी मेंढीच्या कानातला टॅग का वाचत नाही?

न्यूझीलंडच्या डोंगराळ भागात ‘स्टेशन’ म्हणजे रेल्वेचं नाही, मेंढ्यांचं अवाढव्य फार्म. दक्षिण बेटावर सदर्न आल्प्सच्या उतारांवर अशी हजारो हेक्टरची स्टेशन्स आहेत. तिथे मुख्यतः लोकरीसाठी मेरिनो मेंढ्या पाळतात. उन्हाळ्यात मेंढ्या वर चरतात, पण बर्फ पडायच्या आत सगळ्या खाली आणाव्याच लागतात. मागे राहिलेली मेंढी बर्फात अडकून उपाशी मरू शकते.

मग कानात चिप बसवायची, मॅपवर बघायचं आणि आणायचं, एवढं सोपं नाही का? इथेच घोळ होतो.

कानातला टॅग म्हणजे आरएफआयडी. त्यात ना बॅटरी, ना जीपीएस. फक्त एक १५ अंकी नंबर. रीडर जवळ आणला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच टॅगला वीज मिळते आणि तो नंबर सांगतो. मेट्रो कार्ड असंच चालतं. फरक फ्रिक्वेन्सीचा आहे. फोनचं एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर, जनावरांचे टॅग १३४.२ किलोहर्ट्झवर, म्हणजे साधारण शंभर पटींचा फरक. त्यामुळे फोन कानाला कितीही चिकटवा, काही दिसणार नाही. काठीसारखा वेगळा रीडर लागतो, तो ब्लूटूथने नंबर फोनला पाठवतो.

टॅगचा खरा उपयोग खाली वाड्यात होतो. मेंढी काट्यावर उभी राहते, नंबर आणि वजन एकत्र नोंदलं जातं आणि वजनानुसार पुढचं फाटक आपोआप उघडतं. अशक्त मेंढ्या वेगळ्या निघतात, त्यांना चांगला चारा देता येतो. हिवाळ्यात किती जनावरं ठेवायची हेही यावरूनच ठरवता येतं. आणि ते ठरवावंच लागतं, कारण अनेक स्टेशन्सची जमीन सरकारची, ३३ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते आणि त्यात जनावरांच्या संख्येवरही मर्यादा असते. गंमत म्हणजे, तिथे गायी आणि पाळीव हरणांना असे टॅग सक्तीचे आहेत, मेंढ्यांना नाहीत!

बरं, मग जीपीएसच लावलं तर? जीपीएस फक्त उपग्रहांचं ‘ऐकतं’. आपली जागा मालकाला कळवायला मोबाइल नेटवर्क किंवा रेडिओ लागतो, आणि दऱ्याखोऱ्यांत रेंज कुठली? शिवाय प्रत्येक मेंढीच्या गळ्यात बॅटरी. मला तरी हा हिशेब जमत नाही.

श्रेक नावाचा मेरिनो मेंढा बेंडिगो स्टेशनवर सहा वर्षं गुहांमध्ये लपून राहिला. २००४ मध्ये सापडला तेव्हा अंगावर २७ किलो लोकर होती! साधा कानातला टॅग असता तरी तो आधी सापडायलाच हवा होता.

म्हणून वर डोंगरात काम अजून माणसं आणि कुत्रेच करतात. हंटअवे जातीचा कुत्रा भुंकून कळप पुढे हाकलतो. हेडिंग डॉग गुपचूप वळसा घालून समोर येतो आणि नुसतं रोखून बघत कळप वळवतो. कुत्र्यांसाठी मात्र जीपीएस पट्टे मिळतात, जे मोबाइल नेटवर्कशिवाय, रेडिओवरून मालकाच्या हातातल्या यंत्राला जागा कळवतात. रोज रात्री आठ-दहा पट्टे चार्ज करणं कुणालाही जमेल.