ओटीपी कोणाच्या फोनवर?

2025 साली अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले, त्या दिवसांतली गोष्ट. आमच्या कापड्यातल्या बचत गटाच्या बैठकीला एक वहिनी मुलीला घेऊन आल्या. मुलगी दहावी चांगल्या मार्कांनी पास झालेली, पण फॉर्म अडकलेला. नंबर दिला होता वडिलांचा, आणि वडील मुंबईला कामावर. एसटीचं भाडं घालून मायलेकी दोनदा पोलादपूरला सायबर कॅफेत गेल्या. ओटीपी जायचा मुंबईला. वडील ड्युटीवरून फोन उचलेपर्यंत त्याची मुदत संपायची.

“घरात दुसरा फोन नाही का गं?”

“आहे ना काकू, पण तो दादाचा.”

मैत्रिणींनो, हे ‘दादाचा’ मला फार ओळखीचं वाटलं. 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या आणि व्हॉट्सॲपवर अभ्यास येऊ लागला, तेव्हा आमच्या घरीही एकच जादा फोन होता. तो मुलाला मिळाला. मुलीला रात्री भांडी आवरल्यावर, तेही चार्जिंग उरलं असेल तर! दूरदर्शनवर ‘टिलीमिली’ लागायची, पण ती आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. माझी मुलगी नववीत. मी समाजकार्य करणारी बाई, पण मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आता फोन बहुतेक घरांत आले. ‘प्रथम’ संस्थेचा 2024 चा ‘असर’ अहवाल देशभरातल्या खेड्यांतल्या 14 ते 16 वयाच्या मुलामुलींबद्दल सांगतो. स्मार्टफोन 85.5 टक्के मुलांना वापरता येतो, तसा 79.4 टक्के मुलींनाही. पण या वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन 36.2 टक्के मुलांकडे आणि फक्त 26.9 टक्के मुलींकडे.

बैठकीत एक आजी म्हणाल्या, “पोरीच्या हातात मोबाईल दिला की ती बिघडते.” “आणि पोरगा?” कोणीतरी मागून पुटपुटलं. सगळ्या हसल्या. पैसे कमी पडले की घरात कोणाचा रिचार्ज राहतो, असं मी विचारलं, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

शेवटी फॉर्मवर माझा नंबर टाकला. महाडचं कॉलेज मिळाल्याचा मेसेज माझ्याच फोनवर आला. घरी गेले तर ती लावणीला गेलेली. बांधावरूनच हाक मारली. चिखलाचे हात ओढणीला पुसत धावत आली आणि म्हणाली, “काकू, मला वाचू द्या ना.”