कांदा परत, परत परत

आजचा शब्द स्वयंपाकघरातला आहे: परतणे.

निमित्त घडलं इथेच, देवनहळ्ळीत, आमच्या घरी. माझी नात बेंगळुरूत वाढलेली. शाळेत इंग्रजी आणि कन्नड, मराठी फक्त घरात. तिने आजीची पाककृतींची वही काढली. आजी आता नाही, वही आहे. त्यात लिहिलं होतं, 'तेलात कांदा घाल. कांदा परत. टोमॅटो घालून परत परत.' थोड्या वेळाने बघतो तर पोरगी दुसरा कांदा चिरतेय. म्हणाली, "आबा, आजीने कांदा परत घालायला सांगितलाय. आणि टोमॅटो तर परत परत!"

चूक तिची नव्हती. 'परत' म्हणजे पुन्हा, आणि 'परत' हे 'परतणे'चं आज्ञार्थी रूपही. लिहिताना दोन्ही सारखीच. आजीला म्हणायचं होतं, टोमॅटो घातल्यावर पुन्हा परतून घे.

आता अर्थ बघू. भरपूर तेलात बुडवून काढणं म्हणजे तळणे. शेंगदाणे कोरडेच कढईत, वांगं थेट जाळावर, हे भाजणे. रवा तुपावर ढवळला तरी आपण 'भाजला'च म्हणतो. परतणे म्हणजे थोड्या तेलावर, उलथन्याने खालचं वर, वरचं खाली करत राहणं. त्याने कांद्यातलं पाणी उडतं, तो आधी पारदर्शक, मग गुलाबी होतो आणि तळाला लागत नाही. हिंदीत भाजणे आणि परतणे या दोन्हींना बहुतेक वेळा 'भूनना' चालतं. कन्नडमध्ये कांद्यासाठी 'बाडिसु' म्हणतात, म्हणजे शब्दशः कोमेजवणे. कन्नड शब्द कांद्याचं काय झालं ते सांगतो, मराठी शब्द हाताने काय करायचं ते सांगतो.

या 'उलट फिरवण्या'तच शब्दाचे बाकीचे अर्थ आहेत. गेलेला माणूस उलट फिरला की तो परततो. व्याकरण मात्र बदलतं. 'मी कांदा परतला' इथे क्रियापद कांद्याप्रमाणे चालतं. भाजी असती तर 'परतली'. 'मी घरी परतलो' इथे ते माझ्याप्रमाणे चालतं. आणि शत्रूला उलट फिरायला लावलं, तर आपण हल्ला 'परतवला'. आमच्या पेशातला अर्थ हाच. परतफेड, परतावा, परतीचा पाऊस, सगळी याच घरची मंडळी.

एक गंमत मला निवृत्तीनंतर कळली. पलटणीच्या भाषेत रजा संपवून 'परतायचं' ते युनिटला. बायकोच्या पत्रात मात्र प्रश्न एकच असे, "कधी परतणार?" तिच्या लेखी परतणं म्हणजे घरी येणं. शब्द एकच, दिशा बोलणाऱ्याची. ते पत्र वाचताना मी नेहमी रजेचे दिवस मोजले, हा फरक काही मोजला नाही.

नातीला मी वहीत काही खोडू दिलं नाही. समासात तिने पेन्सिलीने लिहिलंय, 'पुन्हा परत.' भाजीत कांदा दुप्पट झाला होता, पण चांगली लागली.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला किंवा बेळगावला, घरातली जुनी वही एकदा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. कुठे अडखळतात ते ऐका. तिथला शब्द समजावून सांगणारं माणूस घरात आहे तोवरच हे काम होतं.

पुढच्या भागात 'फोडणी'. जय हिंद.