सुताशिवाय कापड

लालबाग-परळच्या गिरण्यांत कापसाला कापड होण्यासाठी अनेक खाती ओलांडावी लागत. आधी पिंजण, मग पेळू, पेळूचे सूत आणि शेवटी साळखात्यातला माग. आखूड तंतू या वाटेवर टिकत नसत. पिंजताना, विंचरताना गळून जात. केळीच्या खांबातला जाड, ताठ तंतू तर कातायलाच हट्टी. अशा तंतूंना ‘नॉनवोव्हन’ म्हणजे न विणलेल्या कापडात मानाची जागा आहे.

इथे सूतही नको, मागही नको. पिंजलेल्या तंतूंचे पातळ थर एकमेकांवर रचायचे आणि आपसात गुंतवायचे. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात. वनस्पतीच्या तंतूला खवले नसतात, म्हणून हे काम सुया करतात. या सुयांना नेढे नसते. पात्याच्या कडांना बारीक खाचा असतात. मिनिटाला शेकडो वेळा खाली-वर होणाऱ्या सुया वरचे तंतू खाचेत धरून खाली ओढतात आणि मोकळ्या परततात. टोचणी वाढली की कापड घट्ट होते, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. पुढे तंतू तुटतात, ताकद घटते. प्रत्येक तंतूची मर्यादा वेगळी. ती मोजूनच ठरवावी लागते.

मोजण्याची ही विद्या गिरणगावाच्या शेजारीच रुजली. माटुंग्याची ‘सिरकॉट’ संस्था १९२४पासून कापसाचा तंतू पारखते आहे. वरळीची ‘सस्मिरा’ ही संस्था शेतीसाठीच्या तांत्रिक कापडांवर काम करते.

उपयोगही तंतूच्या स्वभावातूनच निघतात. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा लेप असतो. दवाखान्यातला धुतलेला कापूस पाण्यात लगेच भिजतो, कच्चा मात्र तरंगतो आणि तेल धरून ठेवतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन समुद्रात तेल सांडले. अशा वेळी कच्च्या कापसाची जाड चादर कामाची ठरू शकते. उतारावर अंथरलेली ताग-काथ्याची चटई माती धरते आणि गवताने मूळ धरल्यावर कुजून जाते. तिथे कुजणे हाच गुण. मोटारीच्या दारांच्या आतल्या फळ्यांसाठी अंबाडी, जवसाचे तंतू प्लास्टिकबरोबर दाबून वापरतात, वजन घटते.

अडचण कच्च्या मालाची आहे. शेतागणिक तंतूची जाडी आणि ओलावा बदलतो. कारखान्याला एकसारखा माल लागतो. म्हणून केळीचा तंतू काढण्याची, वाळवण्याची आणि प्रतवारीची सोय जळगावच्या केळीच्या शेतांजवळच हवी. तिथे शेतकऱ्याला खांबाचा दाम मिळाला, तरच हे कापड प्रयोगशाळेबाहेर टिकेल.